दुसऱ्या रिमोटवरून लावलेली क्रमवारी

जुन्या टीव्ही गेमवरच्या आवडत्या खेळांची क्रमवारी लावताना बहुतेक जण चित्रे, संगीत, अवघडपणा आणि स्टेजची संख्या पाहतात. या सगळ्यांना मोल आहे, पण माझी पहिली कसोटी निराळी आहे. दुसरा रिमोट, म्हणजे खेळ चालवायचा दुसरा बटणांचा ठोकळा, ज्याच्या हातात आहे, त्याला त्या खेळाने काय दिले, हे मी आधी पाहते. आमच्या घरी पहिला रिमोट दादाकडे असे आणि दुसरा माझ्याकडे. गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच व्यवस्था होती. थोरल्याचा पहिला आणि धाकट्याचा दुसरा. त्यामुळे एखादा खेळ थोर आहे की नुसताच चांगला, हे मी आजही धाकट्याच्या बाजूला बसून ठरवते, आणि इथे दिलेली दहा खेळांची क्रमवारी त्याच बाजूने लावलेली आहे.

आमच्याकडे होते ते यंत्र म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती आणि अमेरिकेत विकले गेलेले त्याचे रूप धरून जगभरात त्याची सहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. आपल्याकडे १९९० च्या दशकात 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी जी यंत्रे आली, ती याच घराण्यातली. सोलापुरात ती नवी पेठेतल्या दुकानांत मिळत. कॅसेटी मात्र हातोहात फिरत. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड घरे शेजारी शेजारी होती आणि एका घरात आलेली कॅसेट आठवड्याभरात सगळ्या घरांतून फिरून येत असे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला, की दुपारी मुलांना बाहेर सोडायला कोणतीही आई तयार नसे. बाहेर विणकरांच्या मागांची खटखट चालू आणि आत पडदे ओढून पाच-सहा मुले टीव्हीसमोर, अशा त्या दुपारी होत्या. पाच-सहा मुले आणि दोन रिमोट, हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे माझी कसोटी अशी का आहे ते कळेल.

दोन्ही रिमोट सारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणे नव्हती. त्यांच्या जागी एक छोटा मायक्रोफोन आणि त्याचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी होती. आमच्या यंत्रातून तो मायक्रोफोन गळाला होता आणि त्याच्या मोबदल्यात बटणे काही मिळाली नव्हती. म्हणजे खेळ निवडणे, सुरू करणे आणि मध्येच थांबवणे, हे तिन्ही अधिकार पहिल्या रिमोटकडे होते. दुसऱ्या खेळाडूला पाणी प्यायला उठायचे असले, तरी पहिल्याला विनंती करावी लागे.

यंत्राची ताकदही फार थोडी होती. त्याच्या प्रोसेसरचा वेग होता सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची मेमरी होती अवघी २ किलोबाइट. पडद्यावर हलणारी चित्रे ८ ठिपके रुंदीच्या तुकड्यांतून जोडावी लागत. असे तुकडे एका वेळी ६४ आणि एका आडव्या रेषेवर फक्त ८ दाखवता येत. मारिओसारख्या आकृतीला रुंदीत दोन तुकडे लागतात. दोन खेळाडू एका ओळीत उभे राहिले, की आठांतले चार तुकडे तिथेच संपले आणि शत्रू, गोळ्या, बक्षिसे या सगळ्यांसाठी चारच उरले. रेषेवर आठांहून अधिक तुकडे झाले, की काही दिसेनासे होत, म्हणून खेळ करणारे त्यांना आळीपाळीने दाखवत आणि चित्र लुकलुकू लागे. हे मला पुष्कळ नंतर समजले आणि तेव्हापासून दोन खेळाडूंना एकाच वेळी पडद्यावर उभे करणाऱ्या खेळांविषयीचा माझा आदर वाढला. त्या काळी दुसऱ्या खेळाडूला जागा द्यायची, तर पहिल्याच्या वाट्याचे काहीतरी काढून घ्यावे लागत होते.

पहिल्या स्थानाविषयी माझ्या मनात कधीच संशय नव्हता. ते 'बॅटल सिटी'चे आहे, ज्याला आमच्या गल्लीत सगळे 'टँक' म्हणत. नामको कंपनीने तो १९८५ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉमसाठी काढला. त्याच कंपनीच्या १९८० मधील 'टँक बटालियन' या आर्केड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरच्या, खेळावरून तो घडवलेला होता. अमेरिकेतल्या मुलांना तो त्या काळी दुकानात मिळाला नाही, आपल्याला मात्र एकीत अनेक खेळ असलेल्या जवळजवळ प्रत्येक 'इतक्या इन वन' कॅसेटमध्ये मिळाला.

पडद्याच्या तळाशी मधोमध गरुडाचे चिन्ह, त्याभोवती विटांची कच्ची भिंत, वरच्या बाजूला शत्रूचे रणगाडे येण्याच्या तीन जागा आणि प्रत्येक स्टेजमध्ये २० रणगाडे. स्टेज ३५. पहिल्या खेळाडूचा रणगाडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. या खेळाचे सगळे मोठेपण एका नियमात आहे. गरुड फुटला, की दोघांचाही खेळ संपतो, मग कोणाचे किती जीव उरले आहेत याला काही अर्थ नसतो. त्या एका नियमामुळे कितीही तरबेज खेळाडू वर जाऊन एकटाच पराक्रम गाजवू शकत नाही, कारण तो वर असताना एखादा वेगवान रणगाडा कडेने खाली उतरतो आणि गरुडापाशी कोणीतरी असावेच लागते. ते कोणीतरी म्हणजे मी होते. ज्याची बोटे संथ आहेत, ज्याला चपळ वळणे घेता येत नाहीत, त्याच्यासाठीही या खेळात खरे काम होते, आणि ते काम नीट झाले नाही तर थोरल्याचा सगळा पराक्रम मातीत जात असे. धाकट्याला सोबत घेणारे खेळ पुष्कळ आहेत. धाकट्याची गरज असणारा मला हा एकच भेटला.

त्यातले बारकावेही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. आपली गोळी जोडीदाराला लागली, तर तो मरत नाही. काही क्षण जागीच थिजतो आणि लुकलुकत राहतो. एवढी शिक्षा भांडणाला पुरेशी आणि घात करायला अपुरी आहे. मात्र आपलीच गोळी गरुडाला लागली, तर तो फुटतो, म्हणून पहारा देणाऱ्याने खालच्या दिशेला तोंड करून चाप दाबायचा नाही, हे आमच्याकडे नवशिक्याला शिकवले जाणारे पहिले वाक्य होते. प्रत्येक स्टेजमध्ये चौथा, अकरावा आणि अठरावा रणगाडा चमकत येतो आणि त्याला गोळी लागली की बक्षीस दिसते : सगळे शत्रू उडवणारा बॉम्ब, त्यांना थिजवणारे घड्याळ, शिरस्त्राण, जादा जीव, गरुडाभोवती काही काळ पोलादी भिंत उभी करणारे फावडे, आणि चांदणी. पहिल्या चांदणीने गोळी वेगवान होते, दुसरीने लागोपाठ दोन गोळ्या सुटतात आणि तिसरीने पोलादसुद्धा फुटते. पण एकदा मेले की सारे जाते. म्हणून चांदणी कोणी घ्यायची हा खरा प्रश्न असे. वर लढणाऱ्याने घ्यावी असे दादाचे म्हणणे होते. मला वाटते की ती पहारेकऱ्याला मिळाली पाहिजे, कारण तो कमी वेळा मरतो आणि चांदण्या त्याच्याजवळ टिकतात. हे माझे मत आजही कायम आहे.

स्टेज संपल्यावरचा हिशेबाचा पडदा मला सर्वांत प्रिय होता. कोणी कोणत्या प्रकारचे किती रणगाडे फोडले, ते डाव्या आणि उजव्या बाजूला आकड्यांत मांडले जाई आणि ज्याचे जास्त, त्याला १००० गुणांचे बक्षीस मिळे. पहारा देणाऱ्याचा आकडा बहुधा कमीच असे, पण तो लिहिलेला असे. शिवाय कधी कधी शत्रूच इतके खाली येत, की उजवीकडचा आकडा डावीकडच्याला मागे टाकी, आणि मग त्यावर वाद घालायला जागाच राहत नसे.

याच खेळात स्वतःचे मैदान बांधण्याची सोय होती. वीट, पोलाद, पाणी, झाडी आणि बर्फ यांच्या चौकोनांतून १३ बाय १३ चे मैदान आपण घडवू शकत होतो. बांधकाम पहिल्या रिमोटनेच होई, म्हणून मी माझे मैदान आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत काढून ठेवत असे आणि दादा ते पाहून चौकोन भरत असे. कॅसेटमध्ये बॅटरी नसल्याने वीज गेली की मैदान पुसले जाई. वहीत मात्र ते राहत असे. गरुडाभोवती सगळीकडे पोलाद लावले, तर खेळ फार सोपा होतो आणि लवकर कंटाळा येतो, तर मधल्या रांगेत पाण्याचा पट्टा ठेवून दोन्ही कडा मोकळ्या सोडल्या, की पहारेकऱ्याला डावी-उजवी अशी सतत धावपळ करावी लागते, हे मला त्या वह्यांतून कळले. खेळ रचणे म्हणजे काय, याची माझी पहिली समज तिथली आहे.

दुसरे स्थान 'कॉन्ट्रा'चे. कोनामी कंपनीने तो आधी १९८७ मध्ये आर्केडसाठी आणि १९८८ मध्ये घरच्या यंत्रासाठी काढला. अनेकांच्या यादीत तो पहिला असेल आणि त्यांच्याशी मी फार भांडणार नाही. आठ स्टेज, प्रत्येकीचा रंग वेगळा, एक गोळी लागली की जीव गेला, आणि पाच दिशांना गोळ्या पसरवणारे ते 'एस'चे हत्यार, जे हातात असले की छाती फुगत असे. शत्रूच्या तळांवरच्या दोन स्टेजमध्ये खेळाडू पाठमोरे दिसतात आणि भिंतीमागून भिंत फोडत आत जातात. तिथे पडदा कोणाला मागे टाकत नाही, दोघे शेजारी शेजारी उभे राहून लढतात. दुसऱ्या रिमोटला इतकी बरोबरीची वागणूक फार थोड्या खेळांत मिळाली. मेल्यावर थांबावे लागत नाही हेही मोठे सुख होते. जीव शिल्लक असला, की खेळाडू लगेच वरून पडतो आणि क्षणभर त्याला कोणी मारू शकत नाही.

तरीही तो दुसरा का, याचे उत्तर तिसऱ्या स्टेजमध्ये आहे. धबधब्याची ती स्टेज खालून वर चढायची आहे. वरचा खेळाडू जसा चढत जातो तसा पडदा वर सरकतो आणि पडद्याच्या खाली राहिलेला मरतो. थोरल्याने दोन उड्या जोरात मारल्या, की धाकट्याचा जीव गेलाच. त्या स्टेजला आमच्या खोलीत मराठीत 'थांब', तेलुगूत 'आगु' असा एकच कल्लोळ चाले आणि शेजारच्या काकू दाराशी येऊन काय झाले ते विचारून जात. या अडचणीतून सोबत्याची वाट पाहायला शिकता येते, हे मी मान्य करते. पण 'टँक'मध्ये मागे राहणाऱ्याला काम आहे. 'कॉन्ट्रा'मध्ये मागे राहणाऱ्याला मरण आहे. दोघांनी एकाच वेगाने आणि एकाच कौशल्याने चालावे अशी त्याची अपेक्षा आहे, आणि ती धाकट्यावर अन्याय करणारी आहे.

तीस जीवांच्या युक्तीचा उल्लेख टाळता येणार नाही. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, आणि मग स्टार्ट. तीनऐवजी तीस जीव मिळत. ही बटणांची मालिका काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी बसवली होती. तो खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जात होता. 'कॉन्ट्रा'ने ती जगभर पोहोचवली. दोघांसाठी तीस जीव हवे असतील, तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावे लागे, म्हणजे माझे तीस जीवही पहिल्या रिमोटच्या मर्जीवर होते. जपानी आवृत्तीत पहिल्या स्टेजमधली झाडे हलतात आणि बर्फाच्या स्टेजमध्ये हिमवृष्टी दिसते, कारण त्या कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची जादा चिप होती. ज्यांनी फक्त अमेरिकी आवृत्तीवरून बनवलेली कॅसेट खेळली, त्यांनी जपानी आवृत्ती एकदा अवश्य पाहावी.

तिसरे स्थान मी 'चिप अँड डेल : रेस्क्यू रेंजर्स'ला देते, आणि ते मारिओच्या वर आहे हे मला ठाऊक आहे. कॅपकॉमचा हा १९९० चा खेळ. दोन खारी पेट्या उचलून शत्रूवर फेकतात, पेटीत लपून बचाव करतात, आणि त्या एकमेकींनाही उचलू शकतात. ज्या उंचवट्यावर माझी उडी पोचत नसे, तिथे दादा मला उचलून वर फेकत असे. साहजिकच भांडण झाले, की तोच मला खड्ड्यातही फेकत असे, पण त्याचा खेळ मलाही तसाच उलटवता येत होता, कारण या बाबतीत दोन्ही रिमोटचे अधिकार अगदी सारखे होते. हा खेळ अवघड नाही; सराव झाला की एका दुपारीत संपतो. काही जणांना हा दोष वाटतो. मला तो गुण वाटतो, कारण गल्लीतल्या सर्वांत लहान मुलालाही शेवटचा पडदा पाहायला मिळालेला हाच एक खेळ होता.

'सुपर मारिओ ब्रदर्स' चौथा. खेळाची घडण म्हणून पाहिले, तर तो या यादीतल्या प्रत्येकापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि हे मी संकोच न करता लिहिते. १३ सप्टेंबर १९८५ रोजी आलेला, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी घडवलेला, कोजी कोंदो यांच्या संगीताचा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावलेला आहे, आणि त्यात आठ जगांतल्या ३२ स्टेज आहेत. एवढ्या जागेत हे बसवण्यासाठी केलेली काटकसर पाहिली, की थक्क व्हायला होते. त्यातले पांढरे ढग आणि हिरवी झुडपे हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेले. आमच्याकडे चादरीच्या मागावर नक्षी ठरवणारी जॅकार्डची तीच पत्री ठेवून सूत बदलले, की त्याच नक्षीची निराळी चादर निघते, तसेच हे.

पहिल्या स्टेजचा पहिला पडदा तर शिकवण्याचा नमुना आहे. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे कोठे जायचे हे न सांगता कळते. थोडे पुढे गेले, की एक शत्रू समोरून येतो. उडी मारली नाही तर मरण, आणि पुन्हा सुरुवात लगेच. मग प्रश्नचिन्हाची पेटी, मग पेटीतून निघणारे मशरूम, जे पाइपाला आपटून परत आपल्याकडेच येते, त्यामुळे ते घ्यायचे असते हे आपोआप समजते. एकही अक्षर न वाचता, जपानी-इंग्रजी काही न येणारे आमच्या गल्लीतले मूल हे सगळे शिकत होते. धावताना येणारा वेग, थांबताना होणारी घसरण, बटण किती वेळ दाबले त्यावर ठरणारी उडीची उंची, या तिन्हींचा जो मेळ इथे बसला आहे, तो नंतरच्या पुष्कळ खेळांना जमलेला नाही. तिसऱ्या जगाच्या पहिल्या स्टेजमध्ये पायऱ्यांवर कासवाच्या कवचावर उड्या मारत राहून हवे तेवढे जीव मिळवता येतात, ही युक्तीही सगळ्यांना ठाऊक होती. पण जीव १२७ च्या पुढे गेले, की आकडा मेमरीत उलटतो आणि पुढच्या मरणाला खेळ थेट संपतो. तीन जीवांवर खेळणारा तरतो आणि हावरा बुडतो, असा प्रकार आमच्या डोळ्यांदेखत घडला होता आणि त्याचे कारण कोणालाच सांगता येईना.

एवढे असूनही तो चौथा, कारण दोघे खेळत असले तरी पडद्यावर एकच जण असतो. मारिओ मेला, की दुसऱ्या रिमोटच्या लुइजीची पाळी. दादा चांगला खेळत असे. तो पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमधून छतावरून चालत जाऊन थेट चौथ्या जगात उतरे आणि तिथून पुढे कितीतरी वेळ मरतच नसे. मी रिमोट मांडीवर ठेवून बसलेली. मग माझा लुइजी पहिल्या जगात दोन उड्या मारून मरे आणि पुन्हा वाट पाहणे सुरू होई. जो चांगला खेळतो त्यालाच अधिक खेळायला मिळते, आणि ज्याला सरावाची गरज आहे त्याला सराव मिळत नाही. एवढ्या विचारपूर्वक घडवलेल्या खेळात ही एक गोष्ट विचाराविना राहिली आहे असे मला वाटते.

पाचव्या स्थानावर हाणामारीच्या 'डबल ड्रॅगन'चा दुसरा भाग आहे. पहिल्या भागात घरच्या यंत्रावर दोघांना एकत्र मोहीम खेळताच येत नव्हती. १९८९ च्या दुसऱ्या भागाने ती उणीव भरून काढली आणि वर पर्यायही दिला, की एकमेकांना मार लागावा की लागू नये. खेळाडूचे तोंड कोणीकडेही असो, बी बटण नेहमी डावीकडे मारते आणि ए उजवीकडे, ही त्याची पद्धत सवयीची व्हायला वेळ लागतो, पण एकदा बसली की फार नेमकी वाटते. शेवटच्या भागातल्या उड्या मात्र अकारण कठीण आहेत.

'बॉम्बरमन' सहावा. हडसन सॉफ्टचा हा १९८५ चा खेळ एकट्यानेच खेळायचा आहे, त्यामुळे माझ्या कसोटीने तो खरे तर यादीत यायलाच नको. पण त्याने दुसऱ्याला दोन कामे दिली. विटांखाली कुठेतरी दार लपलेले असते आणि कुठेतरी एक बक्षीस; खेळणारा आपल्याच स्फोटापासून पळत असताना कोणत्या कोपऱ्यातल्या विटा फोडायच्या राहिल्या, हे शेजारी बसलेल्यालाच चांगले दिसते. दार सापडल्यावर त्यावर चुकून बॉम्ब फुटला, तर त्यातून शत्रूंचा लोंढा बाहेर येतो, म्हणून ओरडून सावध करणारा कोणीतरी लागतोच. दुसरे काम म्हणजे वीस अक्षरांचा पासवर्ड वहीत उतरवणे. खेळ संपला, की तो पडद्यावर येई. नंतर तोच भरला की त्या स्टेजपासून पुढे जाता येत होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे आणि बाकीचे खेळ वीज गेली की मुळापासून सुरू करावे लागत. 'बॉम्बरमन'ची गोष्ट कालच्या वहीवरून आज पुढे नेता येत होती. ५० स्टेज संपल्या, की बॉम्बरमन माणूस होतो आणि 'लोड रनर'मध्ये पुन्हा भेटू, असा निरोप देतो. कारण त्याचे चित्रच मुळात फॅमिकॉमवरच्या 'लोड रनर'मधल्या शत्रूचे होते.

सातवा 'डक हंट', १९८४ चा, बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायचा. बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, ती पाहते. चाप दाबला, की एक क्षण पडदा पूर्ण काळा होतो, मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या भागाला आधी काळे आणि मग पांढरे दिसले, तरच नेम लागला असे धरले जाते. दोन बदके असली, तर चौकोन एकापाठोपाठ एक उमटतात, त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. ट्यूबलाइटकडे बंदूक रोखून फसवण्याचा प्रयत्न सगळ्यांनी केलेला असतो, पण त्या काळ्या क्षणामुळे तो फसतो. ही सगळी मोजणी काचेच्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेली असल्यामुळे आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही. आणि पुष्कळांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की एका बदकाच्या खेळात रिमोट घेतलेला दुसरा मुलगा ते बदकच उडवू शकतो. नेम धरणाऱ्याला चकवत बदक फिरवणे, हे मला नेम धरण्यापेक्षाही आवडत असे.

आठव्या स्थानावर 'ॲडव्हेंचर आयलंड' आहे, तोही हडसनचाच. एकट्याचा खेळ, पण फळे न खाल्ल्यास शक्तीची पट्टी सतत उतरत जाते, त्यामुळे कोणालाही रेंगाळत बसता येत नाही आणि पाळी लवकर बदलते. नवव्या स्थानावर 'आइस क्लाइंबर' : ३२ डोंगर, पोपो आणि नाना हे दोघे एकाच वेळी चढणारे. नाना ही मुलगी आहे आणि दुसरा रिमोट तिचा आहे, एवढ्यावरून मी लहानपणी त्याला वरचे स्थान दिले असते. पण 'कॉन्ट्रा'च्या धबधब्याच्या स्टेजमधला अन्याय इथे संपूर्ण खेळभर आहे, आणि उडी इतकी ताठर आहे की हवेत दिशा बदलायला फारसा वाव मिळत नाही.

दहाव्या जागेसाठी 'सर्कस चार्ली' आणि 'रोड फायटर' या कोनामीच्या दोन खेळांत मला बराच विचार करावा लागला. आगीच्या कड्यांतून सिंहावर बसून जाणारा चार्ली देखणा आहे. तरी मी 'रोड फायटर' घेते, आणि त्याचे कारण त्याची पेट्रोलची पट्टी. गाडी पळो वा न पळो, पट्टी उतरत राहते. रंगीबेरंगी गाडीला स्पर्श केला तरच थोडे पेट्रोल मिळते, आणि कठड्याला आपटले की वेळही जातो व पेट्रोलही. कितीही पटाईत चालक असला, तरी काही मिनिटांत एकतर टप्पा संपतो किंवा पेट्रोल संपते. गल्लीत आमचा नियम ठरलेला होता, की गाडी थांबली की रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा, आणि तो नियम पाळून घ्यायला कोणा मोठ्या माणसाला मध्ये पडावे लागत नसे.